बर्फाखालची बोंडं

मी घरी बसून दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्राचे नकाशे करते, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग घराकडे. घर कार्ल्याच्या डोंगराखाली, भाताच्या खाचरांना लागून. खिडकीतून हायवेवरच्या बसगाड्या दिसतात, समुद्र काही दिसत नाही. ध्रुवाजवळचा समुद्र तर मी जन्मात पाहिलेला नाही. खरं सांगायचं तर अलिबागच्या लाँचमध्येसुद्धा मला मळमळतं. पण तिथल्या समुद्रतळाशी, बर्फाखाली, सी अर्चिन नावाचे काटेरी प्राणी कुठे कुठे राहत असतील हे सांगायचं काम माझ्याकडे आहे, आणि ते मला इतकं आवडतं की सकाळी भाकरी तव्यावर असतानाच मी मनातल्या मनात लॅपटॉप उघडलेला असतो.

घरात आम्ही तिघं. नवरा आंबीच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो, त्यामुळे दिवसभर उरतो आम्ही दोघी, सासूबाई आणि मी. मी तळेगावची, म्हणजे सासूबाईंच्या हिशेबात थेट शहरातली. त्यांना पहिल्यांदा सी अर्चिनचा फोटो दाखवला तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो नाकाजवळ नेला.

"हे तर धोतऱ्याचं बोंड!"

"आई, प्राणी आहे हा. चालतो, खातो."

"तोंड कुटंय?"

"खालच्या बाजूला."

"आन् बाकीचं?"

"ते वर."

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजी समदं उलटं. बरं."

तेव्हापासून घरात सी अर्चिनना बोंडंच म्हणतात. दुपारी मी खोलीतून बाहेर आले की ठरलेला प्रश्न येतो, "झाली का बोंडं येचून?" नवरासुद्धा मित्रांना सांगतो की माझी बायको बोंडांच्या खात्यात आहे.

काम ऐकायला सोपं आहे. आजवर जहाजांनी जाळी टाकून, कॅमेरे सोडून जिथे जिथे बोंडं पाहिली, ती ठिकाणं कॉम्प्युटरला द्यायची. त्या ठिकाणी पाणी किती खोल, तळाशी किती गार, वर्षातले किती महिने वर बर्फ, खाली दगड की गाळ, हेही द्यायचं. मग बाकीच्या समुद्रातली ठिकाणं तुलनेला द्यायची. त्यावरून कॉम्प्युटर शिकतो की बोंडांना काय मानवतं, आणि सगळ्या समुद्रभर तशा जागा शोधून रंगवतो. जिथे बोंडं असायची शक्यता जास्त तिथे लाल, जिथे कमी तिथे निळं. याला आम्ही मॉडेल म्हणतो. सासूबाई म्हणतात, "म्हंजी न बगता सांगायचं." तेही खरंच आहे.

नोकरी परदेशातल्या एका गटाची, सगळे आपापल्या घरून काम करणारे. मुदत दोन वर्षांची, मार्चअखेर संपणार. वाढ मिळाली तर उत्तम, नाहीतर मला परत हिंजवडीला जायचं होतं, विम्याचं सॉफ्टवेअर तपासायला. झुंजुमुंजू झालं की बस पकडायची, दिवे लागल्यावर उतरायचं. ते मी लग्नाआधी आणि लग्नानंतरही केलेलं होतं, आणि पुन्हा करायची मुळीच इच्छा नव्हती. वाढ मिळणार की नाही, हे माझा नकाशा खरा ठरतो की नाही यावर होतं. सासूबाईंना हे सगळं नीट समजावून सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. "बरं," म्हणाल्या आणि एक खडा काढून बाजूला टाकला. त्यांच्या 'बरं'चा अर्थ अर्ध्या गावाला अजून लागलेला नाही, मला कुठून लागणार.

माझा पहिला नकाशा मोठा देखणा झाला. ठळक लाल पट्टे, गर्द निळा समुद्र. बाजूला काढून ठेवलेल्या नोंदींशी ताडून केलेल्या तपासणीत त्याला गुणही भरघोस मिळाले. मी आठवडाभर हवेत होते. नवऱ्याने तो मोबाइलच्या स्क्रीनवर लावला.

त्या सुमारास आषाढ सरत आला होता आणि रानात अळंबी निघाली होती. वारुळाच्या आसपास उगवणाऱ्या या पांढऱ्या छत्र्यांसाठी आमच्याकडची माणसं मटण सोडायला तयार होतात. मला वाटलं, घरच्यांना माझं काम दाखवायची ही नामी संधी आहे. गावात कोणाला कुठे अळंबी मिळाली ते विचारायचं, ती ठिकाणं मॉडेलला द्यायची आणि न बघता सांगायचं, जा, अमुक ठिकाणी आहेत.

मी गिरणीत विचारलं, फाट्यावर विचारलं, दूध घालायला आलेल्या बायकांना विचारलं. लोक इतके प्रेमानं सांगत होते की मला भरून आलं. "टायरवाल्याच्या मागं, लय घावली." "हायवेच्या कडंला बग, माळावर." एक आबा तर काठी टेकत कोपऱ्यापर्यंत चालत आले आणि हात लांब करून दिशा दाखवून गेले. मी आनंदानं सगळं मॉडेलला दिलं. मॉडेलनंही छातीठोक सांगितलं की अळंबीला सपाट, उघडं, झाड नसलेलं, डांबराच्या जवळचं रान आवडतं. टायरच्या दुकानामागची पडीक जागा तर लालभडक झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली घेऊन मी तिथे गेले. तिथे जुने टायर होते, पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या होत्या, आणि माझ्या येण्यानं झोपमोड झालेलं एक कुत्रं होतं. चिखलात सगळी जागा पालथी घातली. छत्री सोडा, छत्रीची दांडीही नाही.

घरी आले तर अंगणातच वास आला. सासूबाईंनी चुलीवर कढई ठेवली होती आणि कढईत अळंबी होती, काठोकाठ.

"ही कुठे मिळाली?" मी विचारलं.

त्यांनी पापणीसुद्धा लववली नाही. "तितंच की, टायरवाल्याच्या मागं."

नवरा चहा पिता पिता फिसकन हसला आणि चहा शर्टावर. मग सासूबाई हसायला लागल्या त्या भिंतीला धरून खालीच बसल्या. मला समजावायला दोघांना बराच वेळ लागला, कारण मध्येच एकाला हसू यायचं. तर गोष्ट अशी होती की आपली अळंबीची जागा कोणी कोणाला सांगत नाही. जागेकडे बोट दाखवलं की पुढल्या साली तिथे ती येत नाही, असं मानतात. प्रत्येक घराची जागा वेगळी, आणि सासूबाईंची जागा त्यांच्या पोटच्या पोरालाही ठाऊक नाही.

"मग नाही सांगत म्हणायचं सरळ!" मी म्हटलं.

"असं कसं म्हनायचं?" सासूबाईंना ते खरोखरच पटलं नाही. "मानूस आपल्या दारात येऊन इचारतंय. त्येला रिकाम्या हातानं धाडायचं व्हय?"

म्हणजे विचारणाऱ्याला पत्ता द्यायचाच, तो माणुसकीचा भाग. फक्त चुकीचा द्यायचा. विचारणाराही चुकीचाच मिळणार हे धरून विचारतो, आणि सगळं गुण्यागोविंदानं चालतं. टायरवाल्याची मागची बाजू गावानं बहुधा सोयीची म्हणून पक्की केलेली होती. हे न कळलेलं माणूस अख्ख्या पंचक्रोशीत एकच, ते आमच्या घरी सून म्हणून आलेलं.

मी चिडले. माझं चिडणं दुधासारखं आहे, एकदम वर येतं. माझी मेहनत, माझा वेळ, गावभर माझं हसं, असं काय काय मी बोलले. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि ताट वाढलं. मी रागारागात तीन भाकऱ्या खाल्ल्या. अळंबी अप्रतिम झाली होती.

राग उतरला तो भांडी पुसताना, आणि त्याच्या जागी भीती आली. माझ्या डोक्यात आलं, मॉडेल तर चुकलं नव्हतं. त्याला मी अळंबीची ठिकाणं दिलीच नव्हती, लोकांच्या उत्तरांतली ठिकाणं दिली होती, आणि उत्तरांचा नकाशा त्यानं अगदी चोख काढला होता. मग माझ्या समुद्राच्या नकाशात नेमकं काय निघालंय? तिथे कोणी खोटं बोललं नव्हतं हे खरं. पण बोंडं दिसल्याची नोंद कुठे होणार? जिथे जहाज गेलं तिथेच.

हात तसेच ओले घेऊन मी लॅपटॉप उघडला आणि नकाशावर जहाजांचे मार्ग टाकून बघितले. माझे देखणे लाल पट्टे त्या मार्गांवर बरोब्बर बसले. जिथे संशोधन केंद्रं आहेत, जिथे उन्हाळ्यात बर्फ वितळून जहाजांना वाट मिळते, तिथे लाल. जिथे जायला त्रास तिथे निळं. मी बोंडांचा नकाशा केलाच नव्हता, जहाजांचा केला होता. मग मलाच हसू आलं, कारण टायरच्या दुकानामागे मी दुसऱ्यांदा जाऊन आले होते.

पुढचे काही महिने मी ते निस्तरलं. तुलनेला अख्खा समुद्र न घेता फक्त अशी ठिकाणं घेतली, जिथे जाळं पडलं होतं, पण बोंडं न मिळता दुसरेच प्राणी मिळाले. म्हणजे जहाज दोन्हीकडे गेलेलंच आहे, तेव्हा फरक पडला तर तो बोंडांच्या आवडीनिवडीचा. श्रावण गेला, गणपती आले नि गेले, खाचरांत भात पिवळा झाला. नवा नकाशा पहिल्याइतका देखणा नव्हता, गुणही त्याला कमी मिळाले. पण एका जागी, जिथे आजवर कोणाचं जाळं पडलेलं नव्हतं, समुद्राखालच्या एका उंचवट्यावर, वर्षातला बराच काळ बर्फाखाली असणारा एक लाल ठिपका उमटला. मी काहीही बदललं तरी तो हलेना.

आमच्या गटाच्या प्रमुख बाई मोजकं बोलतात. मी झालेली चूक सांगितली, नवा नकाशा दाखवला. त्या म्हणाल्या की जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, एक जहाज त्या भागात जातंय आणि आपल्या वाट्याला कॅमेरा एकदाच उतरवायला मिळेल. जुन्या पट्ट्यात उतरवला तर बोंडं दिसतीलच, आणि तेवढ्यावर मी तुला एखाद्या वर्षाची वाढ कशीबशी मिळवून देईन. तुझ्या ठिपक्यावर उतरवला आणि बोंडं दिसली, तर तीन वर्षं नक्की. पण नुसता गाळ दिसला, तर माझ्या हातात काही राहणार नाही. आता तू ठरव.

दोन दिवस मी दोन्ही नकाशे पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले. नवरा म्हणाला, "एक वर्ष मिळतंय ते घे ना." त्याचं बरोबर होतं, म्हणून त्याच्यावरही चिडले. पण त्या ठिपक्याचा मला लळा लागला होता. तिथे बोंडं आहेत असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते न बघता वर्षभर पगार घ्यायचा या कल्पनेनं तोंडाला चव राहिना. मी बाईंना कळवलं, माझ्या ठिपक्यावर उतरवा. कळवल्याबरोबर पश्चात्ताप झाला. तो मला कुठल्याही निर्णयानंतर होतो.

"काय ठरलं?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. "बरं," म्हणाल्या.

जहाजावरचा कॅमेरा समुद्रात उतरताना सगळ्यांना घरबसल्या थेट बघता येणार होतं. आणि तो उतरणार होता गुरुवारी दुपारी. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण दक्षिण ध्रुवावर कोणी कळवलं नव्हतं. लाईट गेली, वायफाय गेलं, लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, मोबाइलला एक काडी रेंज. मी अंगणात फोन उंच धरून फिरत होते. नवऱ्यानं त्या दिवशी रजा घेतली होती. तो म्हणाला, "चल, चाचांच्या हॉटेलात."

चाचांचं हॉटेल कार्ला फाट्यावर. त्यांच्या वडिलांपासून चहा-वड्याचं दुकान, आता इन्व्हर्टर, वायफाय आणि भिंतीवर मोठा टीव्ही. चाचा हसतात कमी, चहा मात्र फक्कड करतात. सासूबाई ठेवणीतलं पातळ नेसून निघाल्या. मी म्हटलं, आई, तुम्ही कशाला? त्यांनी ऐकलंच नाही.

टीव्हीवर मॅच लागलेली होती आणि हॉटेल भरलेलं होतं. एकवीरेचं दर्शन करून उतरलेल्या कोळी बायकांचा एक घोळका होता, बसची वाट बघणारी माणसं होती, पुण्याचे दोन-तीन पर्यटक होते. नवऱ्यानं चाचांच्या कानात काहीतरी सांगितलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि रिमोट उचलला.

"सूनबाईची नोकरी हाये त्यात," त्यांनी गिऱ्हाइकांना जाहीर केलं. "मॅच नंतर."

स्क्रीनवर अंधार आला, आणि अंधारात हळूहळू एक करडा तळ. गाळ. कॅमेरा पुढे सरकत होता आणि गाळ काही संपत नव्हता. मधूनच एखादा स्पंज, एखादा बारीक हातांचा तारामासा, पुन्हा गाळ.

"काय शोधताय, ताई?" पर्यटकांतल्या एकानं विचारलं. मी सांगितलं. "आणि ही जागा कुठली?"

माझ्याआधी सासूबाईच बोलल्या. "हाये तिकडं, पल्याड." जागा माझी होती, ती कोणाला सांगायची नाही, एवढं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

गाळ चालूच राहिला. माणसं वड्यांकडे वळली. कोणीतरी "स्कोअर तरी बघू द्या" म्हणालं, तेव्हा सासूबाईंनी मागे वळून असं बघितलं की तो माणूस बाहेर जाऊन उभा राहिला. जहाजावरचा माणूस इंग्रजीत सांगत होता की बर्फ सरकायला लागलंय, कॅमेरा आता लवकरच वर घ्यावा लागेल. एक वर्ष हातात होतं आणि मी ते सोडलं, हिंजवडीची बस मला दिसायला लागली. मला तिथे बसवेना. मी उठून मागच्या मोरीवर गेले आणि उगाच तोंड धुवत उभी राहिले.

"अगं ए! बोंडं! बोंडं आली तुजी!"

सासूबाईंचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. धावत आत आले. गाळ संपून दगड सुरू झाले होते, आणि एका दगडावर एक बोंड बसलं होतं, फिकट गुलाबी, काट्यांवर शिंपल्याचा तुकडा पांघरून. मग दुसरं. मग कॅमेरा उंचवट्यावर चढला आणि सगळा उतार बोंडांनी भरलेला. लहान, मोठी, एकमेकांना खेटून, दगडादगडावर. जहाजावरची माणसं ओरडत होती, हॉटेलातली माणसं ओरडत होती, नवरा माझा खांदा हलवत होता. एक कोळीण टाळ्या पिटत म्हणाली, "ये आमचे जाल्यान पन येतान गो! हातान काटं घुसतान!" आणि तिनं मला मिठी मारली. ती कोण, कुठली, मला आजही माहीत नाही.

मी रडत होते आणि हसत होते, आणि दोन्ही एकदम चाललं होतं. इतका निखळ आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला तिथेच सांगितलं. तो म्हणाला, मलाही नाही.

चाचा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे होते. "एवढ्या थंडीत, एवढ्या अंधारात," ते म्हणाले, "आन् बगा की, मजेत दिसतात." मग ते हसले, आणि पोऱ्याला न सांगता स्वतःच सगळ्यांसाठी चहा टाकायला गेले.

तेवढ्यात बाईंचा फोन आला. हॉटेलातल्या गोंगाटात मला एवढंच ऐकू आलं की अभिनंदन, आणि तीन वर्षं. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

फोन ठेवला तर सासूबाई माझ्यासमोर उभ्या. त्यांच्या मागे टीव्हीवर अजून बोंडं सरकत होती, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"काय म्हनली ती बाई?"

"तीन वर्षं वाढली नोकरी."

"म्हंजी त्या हिंजवडीला जायाचं न्हाई?"

"नाही जायचं."

"रोज घरीच?"

"रोज घरीच, आई."

त्यांनी डोळ्यांवरून चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. दोन वर्षांत 'घरी राहा' असं त्या मला एकदाही म्हणाल्या नव्हत्या, आणि मलाही ते कधी विचारायचं सुचलं नव्हतं. मला वाटत होतं त्या ठेवणीतलं पातळ नेसून बोंडं बघायला आल्या आहेत.

"चल मग घरला," त्या म्हणाल्या. "वालाच्या शेंगा पडल्यात टोपलीभर. एकटीनं किती सोलू मी?"